शबनममधलं पिस्तूल

काका माणसांना नावाने हाक मारत नसत, व्हिसाने मारत. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायला गेलो त्या दिवसापासून माझं नाव 'एफ-वन', म्हणजे विद्यार्थ्याचा व्हिसा, झालं. माझ्याआधी तिथे राहून गेलेला नागपूरचा मुलगा नोकरीला लागला, तेव्हा काकांनी त्याला पेढा भरवून 'एच-वन' केलं होतं. शेजारच्या वहिनी नवऱ्यामागे आलेल्या, म्हणून बरीच वर्षं 'एच-फोर' होत्या. त्यांचं ग्रीन कार्ड आलं त्या संध्याकाळी काका कुंपणाशी जाऊन त्यांना "या, कार्डवाल्या" म्हणाले. काकूंना मात्र ते नुसतं 'अगं' म्हणत. त्यावर काकूंचं म्हणणं असं, की लग्न हा एकच व्हिसा आहे जो रिन्यू करावा लागत नाही, असा ह्यांचा समज आहे.

व्हर्जिनियातल्या हर्नडनमधलं त्यांचं घर एका रांगेतल्या घरांपैकी शेवटचं होतं. काका रिटायर झालेले इंजिनियर. त्यांना नियमांची आवड होती. आवड हा शब्द कमी पडेल, पण मला दुसरा सुचत नाही. रिकाम्या चौकात स्टॉपच्या पाटीपाशी गाडी थांबवून ते मोठ्याने "एक, दोन, तीन" मोजत आणि मग "आता आपण निर्दोष" असं म्हणून पुढे निघत. मागचा माणूस हॉर्न वाजवायचा. काका आरशात बघून त्याला मराठीत सांगायचे, "बाबा रे, तुझ्याच सुरक्षेसाठी चाललंय."

आणि या माणसाच्या खांद्यावरच्या शबनममध्ये भरलेलं पिस्तूल असायचं.

हे मला राहायला गेल्यावर काही आठवड्यांनी कळलं. आधी कळलं असतं तर मी दुसरीकडे खोली बघितली असती, असं मी मित्रांना सांगतो. खरं म्हणजे बघितली नसती. खोली दाखवताना काकूंनी कांदेपोहे दिले होते, आणि पोहे खाल्ल्यावर नाही म्हणायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं पटणार नाही. माझे वडील उदगीरला पंक्चर काढायचं दुकान चालवतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि विमानात बसलेलाही. निघताना वडिलांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. मोठ्या माणसांना उलट बोलायचं नाही, आणि पोलिसांच्या भानगडीत पडायचं नाही. या दोन गोष्टी कधी एकमेकींच्या आड येतील हे त्यांच्या काय, माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

पिस्तुलाची सुरुवात थालीपिठांपासून झाली होती. काका-काकू दर रविवारी तासाभरावरच्या नॅशनल पार्कात फिरायला जात. डोंगराच्या माथ्यावरून जाणारा लांबच लांब रस्ता, खाली दरी, मध्येमध्ये गाडी थांबवून बघायच्या जागा. एका रविवारी काकूंनी बाकावर डबा उघडून ठेवला आणि दोघं गाडीतून थर्मास आणायला गेले. परत येऊन बघतात तर एक काळं अस्वल बाकाशी उभं राहून थालीपिठं खात होतं. खाऊन झाल्यावर ते निघून गेलं. काकू त्या प्रसंगाचं वर्णन करताना अस्वलाच्या बाजूने बोलत. त्याने लोणच्याला तोंड लावलं नाही, याचं त्यांना विशेष वाटे. "मीठ जरा जास्तच झालं होतं," त्या म्हणत. "महाराष्ट्र मंडळात इतक्या जणींनी खाल्लं, कुणी बोललं नाही. ते बोललं."

काकांनी मात्र तो हल्ला धरला. पुढच्या काही महिन्यांत त्यांनी रीतसर क्लास केला, परमिट काढलं आणि पिस्तूल घेतलं. महिन्यातून एकदा ते नेमबाजीच्या रेंजवर जाऊन नेम धरत. तिथे कानावर लावायचा मोठा हेडफोन ते माकडटोपीवरून लावत. कमरेला पट्टा बांधला तर पँट खाली येते म्हणून पिस्तूल त्याच्या कडक म्यानासकट शबनममध्ये जाई. शबनम खादीची, पुण्यात घेतलेली, कोपऱ्यात काकूंनी रफू केलेली. ती बघून यांच्याकडे फार तर एखादा कवितासंग्रह असेल असं वाटायचं.

"भरलेलं का पण?" काकू विचारत.

"रिकामं पिस्तूल म्हणजे पाण्याशिवाय तांब्या."

"मग तांब्याच न्या ना. त्याचा उपयोग तरी होईल."

हा वाद मी किती वेळा ऐकला असेल, सांगता येत नाही. माझ्या बेसमेंटच्या जिन्यावर स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येतं. पूर्वी पार्काच्या गेटपाशी पिस्तूल रिकामं करून गाडीच्या डिकीत बंद करून ठेवावं लागे. मग कायदा बदलला, आणि राज्यात जे चालतं ते पार्कातही चालू लागलं. फक्त पार्कातल्या सरकारी इमारतींत न्यायचं नाही. काकांच्या मते हे देशाला आलेलं शहाणपण होतं. काकूंच्या मते ती देशाची झोप होती. पार्कात लहान मुलं असतात, गर्दी असते, कुणीतरी झुडपातल्या आवाजाला घाबरतं आणि झाडतं. शिवाय उगाच गोळी झाडायला पार्कात बंदी आहेच, हे काकांनीच त्यांना सांगितलं होतं.

"झाडायचं नाही, तर न्यायचं कशाला?"

"हक्क आहे म्हणून."

"घरी बसायचा हक्क मलाही आहे."

मंडळाच्या कोजागिरीला तर हा वाद आटीव दुधाच्या पातेल्याभोवती सगळ्यांनी मिळून घातला. काका म्हणाले, बेजबाबदार माणूस कायद्याने थांबत नाही आणि जबाबदार माणसाला थांबवायची गरज नाही. वाक्य चांगलं होतं. दोघातिघांनी मान डोलावली. तेवढ्यात काकू दुधात चारोळ्या घालताघालता म्हणाल्या, "आणि जबाबदार माणसाला सकाळपासून चष्मा सापडत नसेल तर?" चष्मा काकांच्या कपाळावर होता. त्या रात्री आणखी कुणी त्या विषयावर बोललं नाही.

मला दोघंही विचारत. मी म्हणायचो, दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे. हेच मी युनिव्हर्सिटीतही करायचो. एका पेपरात प्रोफेसरांनी मला समासात लिहून दिलं होतं की सगळ्यांची मतं छान मांडली आहेस, तुझं कुठे आहे? मी तो शेरा स्तुती समजून घरी फोन करून सांगितला होता.

काका म्हणाले, "बाजू नाण्याला दोन असतात, एफ-वन. माणसाला एक असावी."

"त्याला नका विचारू," काकू म्हणाल्या. "तो भाडेकरू आहे."

मग एक दिवस काकूंनी सांगून टाकलं की पार्कात ते पिस्तूल येणार असेल तर मी येणार नाही. काकांना वाटलं, दोन रविवार. पण काकू आल्याच नाहीत. त्यांनी रविवारी सकाळी भजनाच्या ग्रुपला जायला सुरुवात केली, आणि पुढच्या सीटवरची जागा मला मिळाली. मी अभ्यास आहे असं म्हणू शकलो असतो. होताही. मी संख्याशास्त्राचं पुस्तक मांडीवर घेऊन गाडीत बसायचो आणि ताशी पस्तीस मैलांच्या वेगाने डोंगर चढायचो, कारण पार्कात तेवढीच मर्यादा आहे आणि काका छत्तीसने कधी गेले नाहीत. मागे गाड्यांची वरात लागायची.

वर पोचलं की एका ठरावीक जागी काका थर्मास उघडून दोन कपांत चहा ओतत. बिनसाखरेचा. काकांना साखर चालायची. काकूंना लागत नसे. दोघांचा मिळून एकच थर्मास, म्हणून वर्षानुवर्षं काका तसाच पीत आले होते. आता काकू नव्हत्या, तरी चहा तसाच होता. मला चहात तीन चमचे साखर लागते. मी तो कडू चहा पीत दरीकडे बघायचो आणि "छान झालाय" म्हणायचो. काका पहिला कप भरला की तो उजवीकडे, काकू बसायच्या त्या बाजूला धरत, आणि मग लक्षात येऊन माझ्याकडे वळवत.  

पुढच्या वर्षी दसऱ्याला काकांनी शस्त्रपूजा मांडली. पाटावर ड्रिल मशीन, पान्यांचा सेट, बर्फ ओढायचं फावडं, माझा लॅपटॉप, काकूंची विळी, आणि मधोमध पिस्तूल. काकूंनी अट घातली होती की देवापुढे ते रिकामं करून ठेवायचं.

"रामाचा भाता काय रिकामा होता?" काका म्हणाले.

"रामाला चौदा वर्षं जंगलात राहायचं होतं. तुम्ही चहाला घरी येता."

पिस्तूल रिकामं झालं. हळदकुंकू काकांनीच लावलं. मी पुढे झालो तसा त्यांनी माझा हात हवेतच धरला. "तू लांब. तू एफ-वन आहेस." आणि मग त्यांनी मला उभ्याउभ्या समजावलं की स्टुडंट व्हिसावरच्या माणसाने पिस्तूल जवळ बाळगणं हा इथे फेडरल गुन्हा आहे. एखादी गोळीसुद्धा नाही. सापडलास तर शिक्षण संपलं, विमानात बसवतील, परत कधी येऊ देणार नाहीत. "लांबून अक्षता टाक," ते म्हणाले. मी इतक्या लांबून टाकल्या की त्यातल्या बऱ्याचशा श्रीखंडात पडल्या.

त्यानंतर काका ज्या सोफ्यावर शबनम ठेवत त्या सोफ्यावर मी बसेनासा झालो. काकू म्हणाल्या, अस्वलाला नाही, पण ह्या पोराला तरी जरब बसली.

आता त्या दारापाशी यायला हवं.

पार्कात वर एक व्हिजिटर सेंटर आहे. आत नकाशे, भुसा भरलेले प्राणी, आणि स्वच्छ बाथरूम. दारावर पिस्तुलाच्या चित्रावर लाल रेघ मारलेली पाटी आहे, कारण ती सरकारी इमारत. काका ती पाटी पाळत. म्हणून पार्कात शिरण्याआधीच खालच्या गॅस स्टेशनवर उतरून ते मोकळे होऊन येत. पिस्तूल गाडीत ठेवून आत जाता आलं असतं, पण पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचा फुटतात, आणि गाडीत पिस्तूल सोडून जाणारा माणूस काकांच्या मते चोराला शस्त्र पुरवत असतो. लाकडी खोपट्यातल्या संडासांचा त्यांना वास सहन होत नसे. उरलं झाड. झाडाआड जायला काका कधीही तयार झाले नाहीत. "आपल्याला कुणी बघितलं तर एका माणसाला नावं ठेवत नाहीत," ते म्हणायचे. "सव्वाशे कोटींना ठेवतात."

त्या रविवारी पानं रंगली होती आणि निम्मं व्हर्जिनिया डोंगरावर आलं होतं. गेटपाशी रांगेत बराच वेळ गेला. वर काकांनी थंडी आहे म्हणून दोन कप चहा जास्त घेतला. व्हिजिटर सेंटरपाशी आलो तेव्हा त्यांचं बोलणं बंद झालं होतं. ते दाराकडे गेले, पाटी वाचली, परत आले, परत गेले. मी दरीचा फोटो काढत होतो. अचानक माझ्या गळ्यात काहीतरी जड पडलं.

"हे धर जरा," काका म्हणाले, आणि दारातून आत नाहीसे झाले.

मोठ्या माणसाने 'धर' म्हटलं की आपण धरतो. पिशवी असो, छत्री असो, बाळ असो. आपल्याकडे हे इतकं आधी शिकवतात की त्यात विचाराला जागाच नसते. माझ्या गळ्यात शबनम आली, मी मान थोडी वाकवून तिला नीट जागाही करून दिली, आणि मग मला कळलं आत काय आहे ते.

मी दोन्ही हात वर केले. शबनमला हात लागू नये एवढाच माझा हेतू होता. पण बाहेरून बघणाऱ्याला, चाललेल्या गर्दीत एक काळासावळा मुलगा गळ्यात झोळी अडकवून, हात वर करून, कुणी न सांगता शरण आलेला दिसला असणार. पिशवी खाली ठेवावी तर भरलेलं पिस्तूल लहान मुलांच्या पायाशी ठेवल्यासारखं होणार. आत जावं तर पाटी. दोन कुटुंबं मला वळसा घालून गेली. मग पार्काची एक रेंजर माझ्याकडे येऊ लागली.

तिने विचारलं, सगळं ठीक आहे ना. मी म्हणालो, हात आखडले होते, मोकळे करतोय. हे ऐकून ती खूश झाली. लांबच्या ड्राइव्हनंतर ते करायलाच हवं, म्हणाली, आणि कमरेतून वाकून पायाचे अंगठे पकडायचा एक प्रकार तिने मला करून दाखवला. आता तू कर, म्हणाली. मी कमरेचं दुखणं सांगितलं. मग तिची नजर शबनमवर गेली. पिशवीत खाण्याचं काही आहे का? अस्वलं फिरताहेत. मी म्हणालो नाही. वासाचं काही? मी क्षणभर खरोखरच विचार केला. शबनमला पिस्तुलाच्या तेलाचा आणि काकूंच्या हिंगाचा वास यायचा. "फक्त थोडा मसाला," मी म्हणालो. ती हसली आणि माझा दिवस चांगला जावो म्हणून पुढे गेली.

काका आतून बाहेर आले तेव्हा एकदम तरुण दिसत होते. आतल्या भुसा भरलेल्या घुबडाबद्दल बोलतबोलत त्यांनी शबनम माझ्या गळ्यातून काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली. "घामाघूम का झालास रे, एवढ्या थंडीत?"

गाडी सुरू झाली. एक वळण गेलं. मग काकांनी सिग्नल देऊन गाडी बाजूला घेतली आणि थांबवली.

"ते तुझ्या गळ्यात होतं."

"हो काका."

"लोडेड."

"हो काका."

"मग तू 'नाही' का नाही म्हणालास?"

मी म्हणालो, "तुम्ही धर म्हणालात."

काकांनी इंजिन बंद केलं.   "आणि मी उद्या म्हणालो असतो, घोडा ओढ," ते म्हणाले, "तर?"

याचं उत्तर मला ताबडतोब देता आलं नाही. हेच उत्तर होतं, असं मला आता वाटतं.

मग त्यांनी मला शिकवायला घेतलं. गाडी तिथेच उभी करून. "म्हण, नाही काका." मी म्हणालो. "मोठ्याने." मी मोठ्याने म्हणालो. "तोंडाकडे बघून म्हण. आणि मान हलवू नकोस, मान हो म्हणतेय तुझी." डोंगर उतरेपर्यंत मी त्यांच्या आज्ञेनुसार, अत्यंत नम्रपणे, त्यांना नाही म्हणत होतो.

घरी त्यांनी काकूंना स्वतःच सांगितलं. लपवणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. मी जिन्यावर उभा होतो. मला वाटलं आता काकू काहीतरी मजेशीर बोलतील आणि सगळं हलकं होईल. काकू काहीच बोलल्या नाहीत. नळ बंद केल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात एवढंच ऐकू आलं, "त्याचा बाप तिकडे सगळ्या गावाला सांगतो हो, पोरगा अमेरिकेत शिकतोय म्हणून."

त्यानंतर तो वाद त्या घरात बंद झाला. तांब्या नाही, राम नाही. काकू काकांना जेवायला वाढत, औषधांची आठवण करत, पण टोमणा म्हणून एक नाही. मला वाटतं काकांना आयुष्यात एवढी मोठी शिक्षा कुणी केली नसेल. ते मुद्दाम कपाळावर चष्मा ठेवून चष्मा शोधत फिरत. काकू नुसत्या बोटाने दाखवत.

इतकं होऊनही काका पिस्तूल नेत राहिले. माघार घेतली असती तर काकू बोलल्या असत्या, हे मला कळत होतं, त्यांना का कळत नव्हतं कोण जाणे. काही रविवार ते एकटेच गेले आणि लवकर परत आले. मग एकदा बेसमेंटच्या दाराशी येऊन म्हणाले, "येतोस का, एफ-वन? चहा उरतो रे." मी नाही म्हणायची इतकी प्रॅक्टिस केली होती. गेलो.

मार्च होता, वर झाडांखाली अजून बर्फ होता. खालचं गॅस स्टेशन आम्ही चुकवलं नव्हतं, पण हिवाळ्यात काकांचं सारखं बाथरूमला लागायचं दुखणं वाढलं होतं. चहा होईपर्यंत त्यांची चुळबुळ सुरू झाली. व्हिजिटर सेंटरपाशी ते दारासमोर उभे राहिले, पाटीकडे बघितलं, आणि शबनमचा बंद खांद्यावरून काढून माझ्यापुढे धरला. मला वाटतं ते त्यांच्या हाताने केलं, डोक्याने नाही.

"धर."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मान हलू दिली नाही.

"नाही काका."

"अरे, ही टेस्ट नाहीये."

"नाही काका."

आम्ही तसेच उभे राहिलो. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एक म्हातारा माणूस होता, त्याला बाथरूमला जायचं होतं, दार तीन पावलांवर होतं, आणि मी त्याची पिशवी धरत नव्हतो. मला आयुष्यात इतकं वाईट कधी वाटलं नाही. वडील बघताहेत असं वाटलं, आणि ते कुणाच्या बाजूने आहेत ते कळेना. झाडाआड जा, मी बघतो कुणी येत नाही, असं म्हणायचं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. सव्वाशे कोटी आठवले आणि गप्प बसलो.

काकांनी बंद परत खांद्यावर घेतला. "चल," म्हणाले.

तो रस्ता संपता संपत नाही. वळणावर वळण, आणि काका ताशी पस्तीस मैलांनी चाललेले. "काका, आज थोडं जास्त..." मी म्हणालो. त्यांनी फक्त पाटीकडे बोट दाखवलं. मागे गाड्यांची वरात होती. त्यातल्या कुणाला कल्पना नसेल की पुढच्या गाडीत एक माणूस दात आवळून कायदा पाळतोय.

गॅस स्टेशनला पोचेपर्यंत काय झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही. काका आतून बाहेर आले तेव्हा त्यांनी जाकीट अंगातून काढून कमरेला बांधलं होतं. बाहेर थंडी होती. मी माझं जाकीट काढून पुढे केलं. ते नाही म्हणाले नाहीत.

घरी दार काकूंनी उघडलं. त्यांनी कमरेचं जाकीट बघितलं, अंगातलं माझं बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघत होतो. "गरम पाणी लावते," त्या म्हणाल्या. बेसमेंटमध्ये उतरताना मला वर तिजोरीचं दार उघडल्याचा आणि लावल्याचा आवाज आला. पिस्तुलासाठी घेतलेली छोटी तिजोरी होती, काकांच्या कपाटात. तिचं दार लागताना टक् असा आवाज होतो.

पुढच्या रविवारी मी पुस्तक घेऊन गाडीपाशी आलो तर पुढच्या सीटवर काकू बसल्या होत्या. मांडीवर डबा. मी मागे बसलो. पार्काचं गेट मागे पडलं तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, छत्तीस झाले." काकांनी दचकून काट्याकडे बघितलं. पस्तीसच होते. काकू खिडकीबाहेर बघून हसत होत्या. काकांचे खांदे इतक्या महिन्यांत पहिल्यांदा खाली आले.

काकांनी मत बदललं असं कुणी समजू नये. परवा फोन केला तेव्हाही ते मला सांगत होते की पार्कात भरलेलं पिस्तूल नेण्याचा नागरिकाला पूर्ण हक्क आहे आणि असायला हवा. आपण स्वतः नेत नाही, हा वेगळा मुद्दा, असंही म्हणाले. मागून काकूंचा आवाज आला की मुद्दा वेगळा नाही, मुद्दा कमरेखालचा आहे. मी हल्ली दुसऱ्या राज्यात, नेपरव्हिलला नोकरी करतो. काका मला अजून एफ-वनच म्हणतात. बढतीचा पेढा घ्यायला ये, मग बघू, म्हणतात. आणि त्या वादात मला अजूनही ठाम मत नाही. विचार करून बघितला. दोन्ही बाजूंचं ऐकलं की दोन्ही पटतात, हा माझ्यातला दोष आहे आणि तो शिक्षणाने गेला नाही.

पण काकू परत आल्या त्या रविवारचं थोडं सांगायचं राहिलं. व्हिजिटर सेंटरच्या दारापाशी काकांनी सवयीने शबनम काढली आणि माझ्यापुढे धरली. मी हात पुढे केला नाही.

"आत काय आहे, काका?"

 अपमान वाटला की बरं वाटलं, ते काकांच्या तोंडावर ठरत नव्हतं. "थालीपिठं," ते म्हणाले. मी शबनम उघडून बघितली. थालीपिठंच होती. मग धरली.

ते आत जाऊन आले आणि आम्ही तिघं बाकावर बसलो. काकांनी थर्मास उघडला, पहिला कप भरला आणि उजवीकडे धरला. तिथे काकू होत्या. त्यांनी तो घेतला. दुसरा कप माझ्याकडे आला.

"काका," मी म्हणालो, "मला चहात साखर लागते."

त्यांनी कप हातात तसाच धरून ठेवला. "मग इतके दिवस?"

"छान झालाय म्हणायचो."

"अहो, पण त्याला विचारलंत कधी?" काकू म्हणाल्या.

त्या दिवशी थर्मासात साखर नव्हतीच, त्यामुळे तोही कप मी बिनसाखरेचाच प्यायलो. पण सांगून प्यायलो.